मुळशीच्या कांठीं : कामाचा आरंभ व कामाचा नेम

आळशी मनुष्य आणि चालढकल करणारा मनुष्य हे दोघे एकच, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पण थोडें बारकाईनें पाहिलें तर दोघांत पुष्कळ अंतर दिसून येतें. आळशाला काम करावेंसेंच वाटत नाहीं, आणि म्हणून तो सुखी असतो. चालढकल करणाऱ्यास काम करावेंसें वाटतें; तें करण्याजोगें आहे हें त्यास पटलेलें असतें; इतकेंच नव्हे, तर आपण तें करीत नाहीं ही टोंचणीही त्यास रात्रंदिवस लागलेली असते. त्यानें काम सोडलेलें नसतें, फक्त उद्यांवर टाकलेलें असतें. आजोबांच्या हातचीं टिपणें लावून लिहून काढावयाचीं आहेत, माळ्यावरचा पोथ्यांचा पेटारा उपसून यादी करावयाची आहे, संसाराच्या धबडग्यांत सुटलेला अभ्यास पुन्हां धरावयाचा आहे, गांवच्या शाळेसाठीं चार मंडळींस भेटावयाचें आहे. अशीं कामें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत असतात. तीं कोणी नाकारलेलीं नसतात. 'सवड झाली कीं' या तीन शब्दांखालीं तीं गाडलेलीं असतात, इतकेंच.

या रोगावर उपदेश पुष्कळ झालेले आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्यापेक्षां वाचकांस एका ठिकाणीं घेऊन जावें, हें अधिक बरें. तें ठिकाण पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कण्यालगत आहे, आणि तेथें दर पावसाळ्यांत हजारों लोक सहलीस जातात. धबधबे पाहून, भाजलेलीं कणसें खाऊन व छायाचित्रें काढून मंडळी परत येतात. पण त्या पाण्याखालीं कामाच्या आरंभाची, विरामाची व चिकाटीची जी कथा बुडालेली आहे, ती फार थोडे आपल्याबरोबर आणतात. तें ठिकाण म्हणजे मुळशी.

पुण्याचा चांदणी चौक मागें पडला कीं भूगांव, भुकूम, पिरंगुट हीं गांवें एकामागून एक लागतात. एके काळीं तीं खरोखरीच गांवें होतीं. आज त्यांचें निम्में अंग शहराचें झालें आहे, आणि पिरंगुटास तर कारखान्यांची रांगच लागली आहे. पौड आलें म्हणजे हवा पालटते. पौड हें मुळशी तालुक्याचें मुख्य ठिकाण. कचेऱ्या व बाजार येथेंच. पौडाच्या पुढें रस्ता मुळा नदीच्या खोऱ्यांतून चढूं लागतो, दोहों बाजूंचे डोंगर जवळ येतात, आणि कांहीं वेळानें पाण्याचा मोठा विस्तार दृष्टीस पडतो. हाच मुळशीचा तलाव. रस्ता त्याच्या कांठाकांठानें ताम्हिणीपर्यंत जातो व तेथून घाट उतरून कोकणांत माणगांवाकडे निघून जातो. आषाढ-श्रावणांत येथें आलेल्या प्रवाशास डोंगर, ढग व पाणी यांच्या सीमा कोठें आहेत हें सांगतां येत नाहीं. ताम्हिणीचा पाऊस महाराष्ट्रांतल्या दांडग्या पावसांत मोडतो. कड्याकड्यावरून पांढऱ्या धारा सुटलेल्या असतात, आणि धुकें विरळ झालें कीं खालीं तलावाचा राखी रंगाचा पत्रा क्षणभर चमकून जातो. जागा इतकी रम्य आहे कीं, येथें पूर्वीं काय होतें, हा प्रश्न सहसा मनांत येतच नाहीं.

येथें भाताचीं खाचरें होतीं. मुळशीचा आंबेमोहोर ज्या घरांत शिजतो त्या घरांत ताट वाढण्यापूर्वींच त्याची वर्दी पोंचते, हें पुणेकरांस सांगावयास नको. या भाताची शेती कशी होते, हें मात्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें नसतें. चैत्र-वैशाखांत, आकाशांत ढगाचा मागमूसही नसतां, मावळांतला शेतकरी खाचराच्या एका तुकड्यावर शेण, वाळका पाला, काटक्या व गवत यांचे थर पसरतो, वर मातीचा पातळ थर देतो आणि तें सारें पेटवून देतो. यास राब भाजणें म्हणतात. मृगाच्या सरींबरोबर त्या भाजलेल्या जागेंत बीं पडतें. तीन-चार आठवड्यांत रोप हाताशीं येतें. मग खाचरांत पाणी तुंबवून चिखलणी करावयाची आणि वांकून, भर पावसांत, एकेक चूड लावीत जावयाचें. रोप जून होऊं दिलें तर त्यास फुटवे कमी येतात व पीक घटतें. म्हणून या कामांत 'उद्यां' हा शब्द चालत नाहीं. पाऊस कोणाची सवड पाहत नाहीं. आणि ज्यानें वैशाखाच्या उन्हांत राब भाजला नाहीं, त्यानें आषाढांत कितीही उत्साह दाखविला तरी त्याच्या हातीं लावावयास रोप नसतें.

अशा या खोऱ्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीं एका दुसऱ्याच दीर्घोद्योगी मंडळीची दृष्टि पडली. घाटमाथ्यावर कोसळणारें पाणी अडवावें, तें कोकणच्या बाजूस उंचावरून खालीं सोडावें व त्या वेगावर वीज निर्माण करून मुंबईस पुरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनीं उराशीं धरली होती. १९०४ सालीं ते निवर्तले तेव्हां ती कागदावरच होती. पुढच्या पिढीनें ती हातीं घेतली आणि एकामागून एक वीजगृहें उभीं केलीं : खोपोलीचें १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं व भिऱ्याचें १९२७ सालीं. या शेवटल्या वीजगृहासाठीं मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशीं धरण घालावयाचें होतें. मुळेचा स्वभाव पूर्वेकडे जाण्याचा. पुण्यास मुठेला भेटून, भीमा व कृष्णा यांच्या संगतीनें तिनें पूर्वसमुद्रास मिळावें, अशी निसर्गाची योजना. माणसानें ती योजना बदलली. अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस नेऊन शेंकडों मीटर खालीं भिऱ्यास सोडलें, आणि तेथून तें कुंडलिकेच्या पात्रांतून अरबी समुद्रास जाऊं लागलें. मुंबईच्या गिरण्यांस व घरांस वीज मिळाली. स्वदेशी भांडवल व स्वदेशी कर्तबगारी यांचा तो मोठा विजय होता, हें नाकारतां येणार नाहीं.

परंतु तलाव जेथें व्हावयाचा तेथें माणसें राहत होतीं. ५२ गांवें व सुमारें ११,००० माणसें यांत सांपडतात, असे आंकडे त्या वेळीं पुढें आले. १९२० च्या सुमारास खोऱ्यांत चांचणीचे चर खणण्यास प्रारंभ झाला, आणि पिढ्यान् पिढ्या राबलेल्या खाचरांतून कुदळी चालूं लागल्या तेव्हां लोकांस खरें काय घडणार आहे तें उमगलें. कंपनीच्या पाठीशीं १८९४ चा भूसंपादन कायदा होता. लोकांच्या पाठीशीं कांहींच नव्हतें. पुण्यांतील पुढारी व कार्यकर्ते मदतीस धांवले. त्यांत विनायकराव भुस्कुटे होते, ज्यांनीं पुढें 'मुळशी सत्याग्रह' या नांवाचें पुस्तक लिहिलें. आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट होते, ज्यांस याच लढ्यानें 'सेनापति' ही पदवी मिळवून दिली.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुमारें १,२०० मावळे धरणाच्या जागेवर गेले व बसले. शस्त्र नाहीं, धांवपळ नाहीं. जेथें काम चालावयाचें त्या जागेवर बसावयाचें, इतकाच कार्यक्रम. काम बंद पडलें. कांहीं दिवसांतच कंपनीस बांधकाम कांहीं महिने थांबविण्याचें कबूल करावें लागलें. ज्यांच्यापाशीं पैसा नाहीं, कायदा नाहीं, वर्तमानपत्र नाहीं, अशा शेतकऱ्यांनीं एका मोठ्या उद्योगास नुसतें बसून थांबवावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. धरणाविरुद्ध झालेल्या जगांतल्या अगदीं पहिल्या लोकलढ्यांत मुळशीची गणना आज अभ्यासक करितात.

आणि येथेंच आपल्या विषयाचा गाभा आहे. हा लढा पहिल्या घावानें खचला नाहीं. तो पहिल्या यशानंतर सैल झाला. पावसाळा आला. शेतकऱ्यास खाचरांत उतरणें भाग होतें. त्यास दोष देतां येत नाहीं, कारण तो आपलें नेमलेलें काम करावयास गेला. परंतु ज्यांस लावणी करावयाची नव्हती, त्यांनीं या महिन्यांत काय केलें? वाटाघाटी झाल्या, अर्ज झाले, सभा झाल्या. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या मालकीच्या झाल्या होत्या. कूळ राबत होतें व धनी पुण्यास होता. त्या धन्यास जमीन बुडाली तरी मोबदला मिळणार होता. उलट, राबणाऱ्या कुळाचें सर्वस्व जाणार होतें. रामनवमीच्या दिवशीं एके ठिकाणीं बसलेलीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतीं, म्हणून धीट होतीं. विरामाच्या महिन्यांत प्रत्येक जण आपल्या घरीं एकटा बसला, आणि एकटा बसलेला मनुष्य हिशेब करूं लागतो. मोबदल्याकडे कल वाढूं लागला. १९२१ च्या डिसेंबरांत लढ्याचें दुसरें पर्व सुरूं झालें, तेव्हां पहिल्या दिवसाचा तो एकोपा पुन्हां उभा राहूं शकला नाहीं.

दुसऱ्या पर्वांत त्यागाची कमतरता होती असें मात्र कोणी समजूं नये. पुरुषांनीं व स्त्रियांनींही मार खाल्ला, तुरुंग भोगला. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांस १९२२ सालीं याच सत्याग्रहांत सहा महिन्यांची शिक्षा झाली. बापट यांनीं तर तुरुंगास घर मानिलें. पण एक एक खातेदार मोबदला घेऊन बाजूस होत गेला, भिंत चढत गेली, आणि देशांतील मोठे पुढारीही हा लढा आतां आवरावा असेंच म्हणूं लागले. अखेर १९२४ सालीं बापटांनीं शस्त्र हातीं घेऊन कंपनीच्या कामाची आगगाडी अडविली. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली व १९३१ पर्यंत ते बंदींत राहिले. दरम्यान, १९२७ सालीं, भिऱ्याचीं यंत्रें फिरूं लागलीं होतीं.

सुभाषितकारांनीं मनुष्यांचे तीन वर्ग केले आहेत : विघ्नाच्या भयानें आरंभच न करणारे, आरंभ करून विघ्न येतांच थांबणारे, आणि पुनःपुन्हां विघ्नें आलीं तरी हातचें न सोडणारे. आपण लहानपणीं हें पाठ केलेलें असतें. मुळशीची कथा त्यास एक चौथा वर्ग जोडते, आणि माझ्या मतें सुशिक्षित घरांतील बहुतेक मंडळी त्याच वर्गांत बसतात : विघ्नानें नव्हे, तर थोड्याशा यशानें व सोयीच्या विश्रांतीनें थांबणारे. नव्या वहीचीं पहिलीं दहा पानें सुंदर अक्षरांत लिहिलेलीं असतात. पुढचीं कोरीं असतात. त्या दहाव्या पानावर कोणतेंही संकट कोसळलेलें नसतें. 'बरें झालें आहे, आतां चार दिवसांनीं पुढें' एवढेंच घडलेलें असतें. म्हणून मुळशीच्या कांठीं उभें राहून विचार करतां तीन गोष्टी मनाशीं धरण्याजोग्या वाटतात.

पहिली गोष्ट, आरंभास स्थळ व तिथि पाहिजे. रामनवमीस धरणाच्या जागेवर बसावयाचें, या ठरावांत दिवस, जागा व कृति तिन्ही ठरलेल्या होत्या. म्हणून त्या दिवशीं विचार करावयास कांहीं उरलेंच नव्हतें, फक्त जावयाचें होतें. आपल्या घरांत हें शास्त्र नवें नाहीं. पूजेच्या आरंभीं हातांत पाणी घेऊन जो संकल्प सोडतात, त्यांत देश, काल, तिथि, वार, आपलें नांव-गोत्र व करावयाचें कर्म यांचा स्पष्ट उच्चार असतो. 'सवड झाल्यावर करीन' असा संकल्प कोणत्याही पोथींत लिहिलेला नाहीं. आश्चर्य असें कीं, आधुनिक मानसशास्त्रही याच निष्कर्षास आलें आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनीं १९९९ सालच्या एका निबंधांत दाखविलें कीं, 'मी अमुक करीन' असें नुसतें ठरविणाऱ्यांपेक्षां 'अमुक वेळीं, अमुक ठिकाणीं, अमुक करीन' असें ठरविणाऱ्यांच्या हातून काम पुरें होण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. रोज सत्यनारायणाच्या काळजीनें ज्या घरांत चौरंग मांडला जातो, त्याच घरांत मुलाच्या अभ्यासाची व गृहिणीच्या लेखनाची वेळ मात्र 'जमेल तेव्हां' असते, हें विचित्रच म्हणावयाचें.

दुसरी गोष्ट, उत्साह येण्याची वाट पाहूं नये. मन लागत नाहीं म्हणून काम राहिलें, असें आपण म्हणतों. वस्तुतः काम राहिलें म्हणून मन लागत नाहीं. टिमथी पिचिल व फ्युशिया सिरॉइस या अभ्यासकांनीं २०१३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, चालढकल हा वेळापत्रकाचा दोष नसून मनःस्थिति सांवरण्याचा एक चुकीचा मार्ग आहे. कामासमोर बसतांच जी भीति, कंटाळा किंवा आपल्या अपुरेपणाची जाणीव मनांत उठते, ती टाळण्यासाठीं मनुष्य काम टाळतो व घटकाभर हलका होतो. पण त्या घटकेचें व्याज पुढें फार चढतें. यास उपाय मावळच्या शेतकऱ्यापाशीं आहे. ढग येण्यापूर्वीं राब भाजावयाचा. राब भाजण्यांत काव्य नाहीं. धूर आहे, शेण आहे, ऊन आहे. पण तें काम अगदीं लहान, हाताशीं असलेलें व आजच करण्याजोगें असतें. ग्रंथ लिहावयाचा असेल त्यानें आज कागद कापून ठेवावे व एक प्रश्न लिहावा. यादी करावयाची असेल त्यानें आज पेटारा माळ्यावरून खालीं उतरावा. पाऊस मग ज्याच्या त्याच्या वेळीं येतो. थेंबे थेंबे तळें सांचे, ही म्हण तलावाच्या कांठीं सुचावी यांत नवल नाहीं. मात्र थेंब सांठण्यापूर्वीं बांध घालावा लागतो, तो भाग म्हणींत आलेला नाहीं.

बापटांचें चरित्र या बाबतींत फार बोलकें आहे. शिष्यवृत्ति मिळवून १९०४ सालीं विलायतेस गेलेला, एडिंबरोस शिकलेला हा बुद्धिमान मनुष्य मायदेशीं परत आल्यावर हातांत झाडू घेऊन रस्ते व शौचकूप साफ करी. ज्या काळीं आपल्या समाजांत त्या कामाचा स्पर्शही विटाळ मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे. समाज सुधारावा असें वाटणाऱ्यांचा तेव्हांही तुटवडा नव्हता. पण समाजसुधारणा हें काम एवढें मोठें आहे कीं, तें उद्यांवर टाकण्यास कोणासही सबळ कारण सांपडतें. दारापुढचा रस्ता झाडणें हें एवढें लहान आहे कीं, उद्यांवर टाकण्यास निमित्तच सांपडत नाहीं. मोठ्या कामाचें लहान टोंक शोधून तें रोज हातीं धरणें, यास नेम म्हणतात. आणि ज्याच्यापाशीं असा नेम आहे त्यास निराळ्या प्रेरणेची फारशी गरज भासत नाहीं.

तिसरी गोष्ट, विश्रांतीस शेवट ठरलेला असावा. विश्रांति वाईट नव्हे; राबणाऱ्या देहास व मनास ती पाहिजेच. आपल्या परंपरेंत तर प्रत्यक्ष देवासही चार महिन्यांची झोंप दिलेली आहे. पण आषाढी एकादशीस देव निजले, तर कार्तिकी एकादशीस ते उठणार, ही तिथि पंचांगांत आधींच छापलेली असते. आणि त्या चार महिन्यांतच घरच्या बायका आपले चातुर्मासाचे नेम धरितात : कोणी एखादा पदार्थ वर्ज्य करिते, कोणी रोज एक अध्याय वाचते. देव निजले तरी दोरा तुटूं द्यावयाचा नाहीं, ही ती युक्ति. मुळशींत पहिल्या यशानंतर जो विराम आला, त्यांत हा दोरा राखला गेला नाहीं. आणि समोरच्या पक्षाचा कारखाना मात्र कागदावर व कचेरींत एक दिवसही थांबला नव्हता. काम बंद ठेवावयाचेंच असेल तर केव्हां उठावयाचें तें आज लिहून ठेवावें, आणि मधल्या काळांतही त्याची एखादी ओळ, एखादें पत्र, एखादी भेट चालूं ठेवावी. जें काम रोज थोडें का होईना हातास लागतें, तें परकें होत नाहीं.

येथपर्यंत सर्व गोड झालें. पण मुळशीचा तलाव आणखी एक प्रश्न पुढें करितो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चिकाटी काय ती सत्याग्रह्यांनींच दाखविली असें नाहीं. जमशेटजींची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकें नेटानें पुढें नेणारे अभियंते व व्यवस्थापकही दीर्घोद्योगीच होते. एकाच नदीवर दोन उद्योग समोरासमोर उभे राहिले. ज्याचें साधन मोठें त्याचें काम तडीस गेलें. तेव्हां नुसती चिकाटी हा सद्गुण म्हणून पुरा पडत नाहीं. जें आपण एवढ्या निश्चयानें करीत आहों, त्यासाठीं कोणाचें खाचर पाण्याखालीं जात आहे, हेंही विचारावें लागतें. वीज पाहिजे होती हें खरें; पण मुंबईचा दिवा पेटतांना मुळशीच्या कुळाची चूल विझली, आणि मोबदल्याची रक्कम बहुतांशीं ज्याच्या नांवें सातबारा त्याच्या पदरीं पडली, हेंही तितकेंच खरें. त्या नांवांत आपल्याच आळींतील, आपल्याच वर्गांतील घराणीं होतीं. कोणाच्या पणज्यास नांवें ठेवण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु सोयीनें केलेली दिरंगाई ही कित्येक वेळां आळस नसून हितसंबंध असतो, हें मुळशी शिकविते. 'पाहूं, घाई काय आहे' असें म्हणणाऱ्या मनुष्यास, उशीर झाल्यानें स्वतःचें कांहीं बुडणार नसतें. बुडणारा मनुष्य 'पाहूं' म्हणत नाहीं. म्हणून घरांतल्या घरांतही एखाद्या कामाची चालढकल होऊं लागली, म्हणजे उशिराची किंमत कोण देत आहे, हें पाहावें. मुलीच्या शिक्षणाचा निर्णय वर्षभर लांबला, तर वर्ष तिचें जातें, निर्णय करणाऱ्याचें नव्हे. घरांत काम करणाऱ्या बाईच्या पगारवाढीचा विचार दिवाळीवर गेला, तर चार महिने तिचे जातात.

मग बापटांचें व त्या मावळ्यांचें काम फुकट गेलें काय? तलाव तर झाला. गांवें पांगलीं, कित्येक कुटुंबें वर डोंगराच्या उतारावर सरकलीं व ज्या पाण्याखालीं आपलीं शेतें गेलीं तेंच पाणी रोज पाहत राहिलीं. एका दृष्टीनें हा पराभवच आहे, व त्यास दुसरें गोंडस नांव देऊं नये. परंतु धरण बांधतांना उठविलेल्या माणसांचें पुढें काय, हा जो प्रश्न १९२१ सालीं त्या खाचरांत विचारला गेला, तो पाण्याखालीं गेला नाहीं. महाराष्ट्रांत प्रकल्पामुळें विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालीं झाला. आणि ज्या १८९४ च्या कायद्यानें मुळशीची जमीन गेली, तो रद्द होऊन त्याच्या जागीं पुनर्वसनाचा विचार करणारा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आला. हें सर्व मुळशीमुळेंच घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मधल्या काळांत अनेक धरणें झालीं, अनेक लढे झाले. पण त्या दीर्घ मालिकेंतलें पहिलें पान मुळशीचें आहे, आणि तें पान कोरें राहिलें नाहीं.

बापटांनीं स्वतः तर पराभव हा थांबण्याचा मुहूर्त मानिलाच नाहीं. १९३१ सालीं सुटून आल्यावर ते पुन्हां कामास लागले व पुन्हां तुरुंगांत गेले. श्रीअरविंदांच्या दिव्यजीवनविषयक ग्रंथाचा मराठी अनुवाद त्यांनीं केला. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं पुण्यांत राष्ट्रध्वज उभारण्याचा मान त्यांस मिळाला. तेथें थांबले असते तरी कोणी नांव ठेविलें नसतें. पण १९५५ सालीं, वयाच्या ७४ व्या वर्षीं, ते गोव्याच्या सत्याग्रहांत पोर्तुगीज हद्दींत शिरले, आणि त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतही उभे राहिले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजीं त्यांचें निधन झालें. आज पुण्यास व मुंबईस त्यांच्या नांवाचे मोठे रस्ते आहेत; त्यांवरून रोज लाखों माणसें घाईघाईनें कामास जातात.

वाचकांपैकीं कोणी या पावसाळ्यांत मुळशीस गेले, तर त्यांनीं धबधबे अवश्य पाहावे. निसर्गाशीं वैर कशास? पण ताम्हिणीकडे वळण्यापूर्वीं पाण्याच्या कडेस कोठें लावणी चालली असेल तर तेथें घटकाभर थांबावें. डोक्यावर इरलें किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन, कमरेंत वांकलेलीं माणसें चूड लावीत मागें मागें सरकत असतात. मागें सरकत असतात, म्हणून किती उरलें तें त्यांस दिसत नाहीं. किती झालें तेवढें मात्र डोळ्यांसमोर हिरवें होत जातें. संध्याकाळीं खाचर भरलेलें असतें. हातीं घेतलेलें काम तडीस नेण्याची याहून साधी व याहून खात्रीची रीति निदान आमच्या पाहण्यांत नाहीं.